राहूतून इंग्लंडला दिलेलं मत

मला इंग्लंडात मत आहे, ही गोष्ट आमच्या घरात लेकीनं फोडली.

शाळा उघडायच्या सुमारास मी तीन आठवड्यांच्या सुट्टीवर दौंडजवळच्या राहूला, सासरी आले होते. दोन वर्षांनी. लेक चौथीतून पाचवीत गेली होती आणि नव्या शाळेत पहिल्या दिवशी आईनंच सोडायचं, असा तिचा हट्ट होता. तिकडचं घर बघायचं म्हणून तिनं माझा फोन घेतला, आणि फोटो सरकवता सरकवता तिला एका कार्डाचा फोटो सापडला. त्यावर माझं नाव, पत्ता आणि मतदान केंद्र. ती ते वाचतच ओट्यावर गेली.

"आई, तू तिकडं पण वोटिंग करती?"

ओट्यावर माझे सासरे, म्हणजे आमचे आप्पा, आणि धाकटा दीर चहा पीत बसले होते. आपल्याकडची निवडणूक नुकतीच होऊन गेली होती. दोघांच्या नखांवरची शाई अजून पुरती गेली नव्हती.

"परक्या मुलखातल्या मानसाला मत? तुला कुनी दिलं?" आप्पांनी विचारलं.

मी सांगितलं, की इंग्रजांचं राज्य जिथं जिथं होतं त्यातल्या बहुतेक देशांची माणसं तिथं रीतसर राहत असली, तर त्यांना तिथल्या निवडणुकीत मत देता येतं. पासपोर्ट आपला असला तरी.

"दीडशे वर्सं राज्य केलं त्याची भरपाई म्हना," दीर हसला आणि त्यानं फोन काढला. तो रांजणगावच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे, आणि फोन हातात आला की दोन मिनिटांत कुठल्याही विषयात तयार होतो. "पन वहिनी, मतदानाच्या दिवशी तुम्ही तर इथंच असनार."

"व्हय. म्हणून राहिलं."

खरंच राहिलं होतं. तिकीट मी निवडणूक जाहीर व्हायच्या आधी काढलेलं. आपल्या वतीनं मत टाकायला तिथल्या कुणाला नेमता येतं, अर्ज फोनवरून भरता येतो, हे मला माहीत होतं. पण तेवढी हौस नव्हती. बुडालं तर बुडालं. फक्त हे सगळं मी ओट्यावर बोलून दाखवलं, आणि तिथून पुढचं सुरू झालं.

"मग भर की अर्ज," आप्पा म्हणाले. "मत वाया घालवायचं न्हाई. कोन कोन उभं हाय?"

उभे सात जण होते, मी मुख्य तिघांबद्दल सांगितलं. सरकारपक्षाचा, निळ्यांचा उमेदवार मुळात आपल्याकडचा. त्याचे आजोबा गुजरातेतून आफ्रिकेत गेलेले, वडील तिथून इंग्लंडात. विरोधातल्या लाल पक्षाचा एक तरुण वकील. आणि एक अपक्ष बाई, आयुष्यभर नर्सचं काम करून निवृत्त झालेली.

आप्पांनी कप खाली ठेवला. "आपला मानूस उभा हाय ना? मग मत त्याला. मिटला विषय."

आमच्या घरात विषय असाच मिटतो. मतदानाच्या आदल्या दिवशी जेवताना आप्पा चिन्ह सांगतात. लग्नानंतरच्या पहिल्या मतदानाला मी सासूबाईंना विचारलं होतं, की हेच चिन्ह का? त्या म्हणाल्या होत्या, "बटन दाबायला कारन कशाला लागतं?" मी सांगितलेलं बटण दाबलं. त्यानंतरही दोनदा दाबलं. त्याची मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी पाबळहून माझा धाकटा भाऊ भेटायला आला. तिथं त्याचं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. आईनं दिलेल्या शेवग्याच्या शेंगा त्यानं माझ्यापुढं ठेवल्या, आणि दिरानं त्याला लगेच कालचा विषय सांगितला.

"आक्का, नावाकडं बघू नको," भाऊ म्हणाला. "तू कामगार हायेस. कामगारांचा पक्ष बघ. लालच."

"आन् जिंकनार बी तेच," दीर म्हणाला. "निळ्यांचा सुपडा साफ हाय ह्या टायमाला. वहिनी, जिंकनाऱ्याला द्या. उद्या काय काम पडलं तर हक्कानं सांगता येतंय."

"ते काय चिठ्ठी उघडून बघत्यात, कुनी दिलं म्हनून?" भावानं त्याला विचारलं.

"आन् आपलं रक्त काय कामाचंच न्हाई का?" आप्पा मध्येच कडाडले.

तासभर हेच. तिघं असे भांडत होते, जणू मत त्यांचंच होतं. मी शेंगा मोडत बसले होते. धाकटी जाऊ दाराला टेकून ऐकत होती. कुणी माझ्याकडं बघतसुद्धा नव्हतं.

माझा नवरा इतका वेळ गप्प होता. शेती आणि घरचं गुऱ्हाळ तोच सांभाळतो. तो हळूच म्हणाला, "जो पक्ष माझा आन् पोरीचा व्हिसा काढंल, त्याला दे."

मग मला बोलावंच लागलं.

मी शिकायच्या व्हिसावर गेले होते. तेव्हा या दोघांना नेलं नाही; आधी पाय रोवू, मग बोलावू, असं आमचं ठरलं होतं. शिक्षण संपलं, म्हाताऱ्या माणसांच्या केअर होममध्ये नोकरी मिळाली. आणि माझा कामाचा व्हिसा व्हायच्या थोडेच दिवस आधी नियम आला, की या कामावर येणाऱ्यांना नवरा-पोरं आणता येणार नाहीत. नवऱ्याची फाईल तयार होती. ती कपाटात गेली.

"हे सगळं तुम्हाला ठाऊक हाय," मी म्हटलं. "आता ठाऊक नसलेलं सांगते. पाडव्याला आम्ही मराठी लोक हॉलमध्ये जमलो होतो, तिथं तुमचा तो 'आपला माणूस' आला होता. भाषणात म्हणाला, लोक फार यायला लागलेत, कुठंतरी दार लावावं लागतं. मी उभी राहिले. म्हटलं, माझी पोरगी दाराच्या पलीकडं राहिलीय. तर म्हणाला, नियम सगळ्यांना सारखा. आणि लगेच गुढीबरोबर फोटो काढायला गेला."

मी भावाकडं वळले.

"लालवाला वकील दारावर आला होता. त्याला विचारलं, तुमचं सरकार आलं तर हा नियम काढणार का? म्हणाला, ते आत्ता सांगता येणार नाही. ती नर्सबाई आमच्या केअर होमच्या मागच्या दाराशी थांबली होती, ड्यूटी सुटायच्या वेळेला. एका पाळीत किती जणी असता, जेवायला किती वेळ मिळतो, घरी कोण कोण आहे, सगळं वहीत लिहून घेतलं. नियमाचं विचारलं तर म्हणाली, मी एकटी तो बदलू शकणार नाही, पण निवडून आले तर उभी राहून विचारत राहीन. मी तिला मत देणार."

"अपक्षाला?" दीर हसायला लागला. "वहिनी, डिपॉझिट जाईल तिचं."

"जाऊ द्या."

आप्पा उठून उभे राहिले. "तू तिथं पाव्हनी हायेस. पाव्हन्यानं घरच्यांच्या भांडनात पडू न्हाई. आन् पडायचंच आसंल तर आपल्या मानसाच्या बाजूनं पडावं."

"पाव्हणीला कुणी म्हाताऱ्यांचं हागणं-मुतणं काढायला लावत न्हाई, आप्पा. मी ते रोज काढते. त्यांना न्हाऊ घालते, भरवते, मेल्यावर त्यांचे डोळे मिटते. मी तिथं पाव्हणी न्हाई. आन् मत माझं हाय."

आप्पांपुढं मी असं कधी बोलले नव्हते. पण शब्द मी मागे घेतले नाहीत. ते चपला घालून गुऱ्हाळाकडं निघून गेले.

मी तिथंच बसून फोनवर अर्ज भरायला घेतला. मुदत संपायला तीन दिवस होते. माझ्या वतीनं मत टाकायला मी मैत्रिणीचं नाव दिलं. ती मूळची मिरजेची, आता इंग्लंडात आमच्याच भागातल्या हॉस्पिटलात नर्स. तिला फोन लावला तेव्हा दीर शेजारीच होता.

"टाकते की," ती म्हणाली. "पण एक सांगून ठेवते, मी स्वतः निळ्यांना देणार आहे. मला तुझी ती नर्सबाई पटत नाही."

दिरानं मला खूण केली आणि कुजबुजला, "मग संपलं. ती तुमचं बी निळ्यालाच टाकनार."

तिनं ऐकलं. "भावजी, माझं मत माझं, तिचं तिचं. दोन कागद, दोन फुल्या."

"फुल्या? कशानं मारता?"

"पेन्सिल ठेवलेली असते तिथं."

"पेन्सिलीनं? ते तर खोडता येतंय!"

"मग मी घरून बॉलपेन नेते," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो. दीर मात्र हसला नाही.

आप्पा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी गुऱ्हाळावर चहा घेऊन गेले. आमच्याकडं कढईवर उत्तर प्रदेशातला एक माणूस आहे, माझ्या लग्नाच्या आधीपासून. त्यानं चहा घेत विचारलं, "भाभी, सुना है आपको विलायत में वोट मिलता है?"

"हाँ, मिलता है. आपका वोट कहाँ है?"

"गाँव में है. पर चुनाव में छुट्टी कहाँ मिलती है."

आप्पा तिथंच खाटेवर बसले होते. मी सरळ त्यांच्याकडं वळले. "ह्यांना मतदानाला गावी सोडलं नव्हतं का?"

"कढई कोन बघनार?"

"मग ह्यांचं नाव इथं चढवा. राहतात तर इथंच. गूळ आपला, घाम ह्यांचा."

"तुला आता समद्या जगाची मतं काढायची हायेत व्हय?"

"व्हय," मी म्हटलं.

त्या माणसाचा अर्ज नवऱ्यानं पुढं दौंडला जाऊन भरून दिला. नाव लागलं की नाही, ते मला अजून कळलेलं नाही.

मतदानाच्या दिवशी दुपारी मैत्रिणीचा फोटो आला: चर्चच्या हॉलबाहेरची पाटी, आणि तिच्या हातात निळं बॉलपेन. खाली लिहिलं होतं, 'तुझं तिला, माझं त्याला. दोन्ही पडली.' दुसऱ्या दिवशी दिरानं निकाल वाचून दाखवला. वकील निवडून आला. आपला माणूस पडला. नर्सबाई चौथी.

"बघा, मी म्हनलं नव्हतं?" दीर म्हणाला. "मत वाया गेलं."

"वाया कसं?" दारातून जाऊ म्हणाली. इतक्या दिवसांत ती या विषयावर पहिल्यांदाच बोलली. "ताईंनी जिला दिलं, तिलाच गेलं की."

दिरानं तिच्याकडं बघितलं. ती आत गेली नाही, तिथंच उभी राहिली.

मी निघाले त्या दिवशी आप्पा फाटकापर्यंत आले. "नीट जा," एवढंच म्हणाले. लेक रडली, मी गाडीत बसल्यावर रडले. नवऱ्यानं कपाटातली ती व्हिसाची फाईल माझ्या बॅगेत ठेवली होती. मी नको म्हटलं नव्हतं.

तिकडं पोहोचल्यावर कळलं, की नवा खासदार महिन्यातून एका शनिवारी वाचनालयात लोकांना भेटतो. मी फाईल घेऊन गेले. पुढं सहा जण होते. माझी पाळी आली तेव्हा मी आधी सांगून टाकलं, "मी तुम्हाला मत दिलेलं नाही. पण आता तुम्ही माझे खासदार आहात."

तो जरा दचकला, मग खुर्ची पुढं ओढून बसला. त्यानं कागद बघितले आणि मंत्रालयाला पत्र पाठवलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं: नियम आहे तो आहे. ते उत्तर घेऊन मी परत गेले आणि दुसरं पत्र लिहायला लावलं. त्याचंही उत्तर तेच आलं.

परवा वाचनालयाच्या दरवाज्यावरची त्याची मदतनीस मुलगी मला बघून म्हणाली, "तुम्ही पुन्हा?"

मी म्हटलं, "हो, मीच," आणि तिच्या यादीत माझं नाव लिहिलं.