लँडमास्टरचं स्थळ

मोतीराम कातकाड्यांनी उमेदीची सगळी वर्षं लोकांची लग्नं जमवण्यात घालवली आणि साठी ओलांडल्यावर ते गंजक्या मोटारींना गिऱ्हाईक शोधायला लागले. आपण धंदा बदलला असं त्यांना स्वतःला कधी वाटलं नाही. नाशिकच्या इंदिरानगरातल्या त्याच खोलीत, त्याच टेबलामागे, त्याच करकरत्या पंख्याखाली ते बसत. दारावरची वधूवर सूचक केंद्राची पाटीही त्यांनी काढली नव्हती. काढायला शिडी लागली असती. शिडी शेजाऱ्याकडे होती, आणि शेजाऱ्याच्या मुलीचं लग्न मोतीरामांनीच जमवलेलं होतं. ते काही फार बरं चाललं नव्हतं.

लग्नाचा धंदा मोबाईलनं बसवला. मुलंमुली आपापलं फोनवर बघायला लागली. केंद्रात यायचे ते फक्त आईबाप. पंख्याखाली बसायचे, चहा घ्यायचे, मुलाचं वय दोन वर्षांनी कमी सांगायचे आणि जायचे. अशा मंदीच्या दिवसांत पिंपळगावकडे एका द्राक्षबागायतदाराच्या घरी मुलगी बघण्याचा कार्यक्रम होता. मुलाकडच्यांनी पोहे खाल्ले, "कळवतो" म्हणाले. मोतीरामांना त्या "कळवतो"चा अर्थ पाठ होता. ते हात धुवायला मागच्या अंगाला गेले, तर गोठ्यात कडब्याच्या पेंढ्यांखालून एक मोटार नाक बाहेर काढून बसलेली. जुनी डुक्कर फियाट. म्हशीनं अंग घासून घासून तिच्या एका बाजूचा रंग पार उडवला होता.

परत निघताना काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी हे मुलाच्या मामाला सांगितलं. मामा जागच्या जागी थांबला. "कुठलं साल?"

स्थळाचं पुढे काहीच झालं नाही. पण मामा महिन्याभरात टेम्पो घेऊन आला आणि फियाट घेऊन गेला. टेम्पो हलला तेव्हा मुलीचे आजोबा धाय मोकलून रडले. नात घरातच होती, त्यांना पाणी आणून द्यायला.

तिथून नाव झालं. जुन्या गाड्यांचा नाद असलेली माणसं देशभर पसरलेली असतात आणि ती एकमेकांशी दिवसभर बोलत असतात, हे मोतीरामांना तेव्हा कळलं. कोल्हापूरहून, बंगळुरूहून फोन यायला लागले. मोतीरामांना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. गोठ्यातली मोटार बघायलासुद्धा ते एसटीनं जात. इंजिनातलं त्यांना ओ की ठो कळत नसे. ते फक्त घरात बसून, पाणी पिऊन, हळूच विचारत, "घरात अजून कोणाचा विरोध नाही ना?" तेवढ्यावर त्यांचं काम भागे, कारण अडायचं ते तिथंच. उकिरड्याशेजारी वीस-वीस वर्षं पडलेली गाडी, जिच्यावर कोणी बादलीभर पाणी मारलं नाही, ती कोणी मागायला आलं की लगेच वडिलांची आठवण व्हायची.

महेश मोगल हा मोतीरामांच्या जुन्या काळातला राहून गेलेला माणूस. ओझरच्या विमानांच्या कारखान्यात नोकरी, इंदिरानगरात स्वतःचा फ्लॅट, निर्व्यसनी. वय एकेचाळीस. त्याच्या आईनं, सिंधुबाईंनी, त्याचं नाव केंद्रात घातलं त्याला आता इतकी वर्षं झाली होती की तो फोटोतला महेश आणि रस्त्यात दिसणारा महेश सख्खे भाऊ वाटत. मुली बघायला तो कधी नाही म्हणाला नाही. येई, बसे, खालमानेनं पोहे खाई. त्याला काही विचारावं तर एका शब्दात उत्तर. मुलींना वाटे हा घुम्या आहे, आणि त्यांचं अगदीच चुकत नव्हतं.

एके दिवशी तोच केंद्रात आला. एकटा.

"काका, तुम्ही गाड्यांचं बघता म्हणे."

"बघतो. पण तुझं मूळ काम राहिलंय अजून. चांदवडचं एक स्थळ आहे..."

"नको. गाडी असेल तर दाखवा. घ्यायची आहे."

इतकी लांब वाक्यं मोतीरामांनी महेशच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकली. ते त्याला मनमाडला घेऊन गेले.

मनमाडची गाडी हे मोतीरामांचं न जमणारं स्थळ होतं. रेल्वेच्या पुलापलीकडे चंद्रभागाबाई सांगळ्यांचं घर. त्यांचे यजमान दत्तू ठेकेदार. स्टेशनातल्या हमालीचा ठेका त्यांच्याकडे होता. घरापासून स्टेशन चालत दहा मिनिटांवर, पण ठेकेदार जायचे ते काळ्या लँडमास्टर मोटारीतून. ते वारले तशी मोटार अंगणात उभी राहिली, ती राहिलीच. चाकं जमिनीत रुतली, काचा आंधळ्या झाल्या. चंद्रभागाबाईंनी मात्र तिला रिकामी बसू दिलं नाही. उन्हाळ्यात टप असा तापायचा की त्यावर कुरडया एका दिवसात खडखडीत वाळत. अख्ख्या गल्लीच्या कुरडया त्या टपावर निघायच्या.

गाडीला मागणी कमी नव्हती. पुण्याचे एक श्रीमंत गृहस्थ मोतीरामांनी आणले होते. चंद्रभागाबाईंनी त्यांना चहा दिला आणि विचारलं, "किती गाड्या हायेत तुमच्याकडं?"

"एकतीस," गृहस्थ अभिमानानं म्हणाले.

"आन् बसणारे किती?"

"बसायचं असं नसतं मावशी. त्या जपायच्या असतात. झाकून ठेवतो मी, एसीमध्ये."

"मंग झाकून तर माझीबी हाय," म्हणून त्यांनी मागच्या सीटवरचं गोणपाट उचलून दाखवलं.

त्यानंतर गंगापूर रस्त्यावरचा एक रिसॉर्टवाला आला. त्याला गाडी फाटकाशी उभी करून डिकीत फुलझाडं लावायची होती. लोक फोटो काढतील म्हणाला. "मढ्यावर फुलं टाकत्यात तसं?" चंद्रभागाबाईंनी विचारलं, आणि त्याला चहासुद्धा मिळाला नाही.

महेशला घेऊन मोतीराम गेले तेव्हा टपावर कुरडया होत्या. महेश गाडीभोवती एक फेरी मारून आला.

"इंजिन बघायचंय. बॉनेट उघडलं की टप हलेल. या काढू का?" त्यानं कुरडयांकडे बोट दाखवलं.

"काढ."

त्यानं अंगणातल्या खाटेवर दोरीवरचं एक जुनं धोतर अंथरलं आणि एकेक कुरडई दोन्ही हातांनी उचलून त्यावर ठेवली. घाई नाही, बोलणं नाही. अर्धा तास गेला. मोतीराम घड्याळ बघत होते, चंद्रभागाबाई महेशचे हात.

"एकबी मोडली नाय," त्या मोतीरामांना म्हणाल्या. "देते ह्याला. पण हितंच नीट करायची. आपल्या पायानं चालत गेली तर जाऊ दे. साखळी लावून ओढत न्यायची नाय."

ज्या बाईनं इतक्या वर्षांत त्या गाडीच्या टायरात हवा भरली नव्हती, तिनं ही अट घालावी याचं मोतीरामांना हसू आलं. पण ते हसले नाहीत. मुलीकडच्यांच्या अटींवर हसायचं नसतं, ही सवय अंगात मुरलेली होती.

मग दर रविवारी सकाळी महेश नाशिकरोडहून रेल्वेनं मनमाडला जायला लागला. पाठीवर हत्यारांची पिशवी. इंजिन जाम होतं, ते डिझेल ओतून भिजत ठेवायचं. वायरिंग उंदरांनी संपवलेलं. टाकीतून गंजाचा चिखल निघाला. कुठला पार्ट मालेगावच्या जुन्या बाजारात, कुठला कलकत्त्याहून कुरियरनं. दुपारी चंद्रभागाबाई बाजरीची भाकरी आणि झणझणीत शेव-भाजी वाढत आणि समोर बसून बोलत. महेश ऐकत असे. पुढे पुढे तोही बोलायला लागला म्हणे. मोतीरामांचा त्यावर विश्वास बसला नाही.

इकडे सिंधुबाईंनी मोतीरामांना गाठलं. भाजीबाजारात, चार माणसांत.

"कातकाडे भाऊ, मी तुम्हाला सून बघायला सांगितली होती. तुम्ही पोराच्या गळ्यात मोटार बांधली! मुली बघायचा वार रविवार, आणि हा रविवारी मनमाडात एका म्हातारीच्या अंगणात उताणा पडलेला असतो."

मोतीरामांनी मेथीची जुडी उगाच उलटीपालटी करून बघितली.

गाडी सुरू झाली ती पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी. मोतीराम मुद्दाम हजर होते, सौदा पुरा करायला. महेशनं पुढून हँडल मारलं, एकदा, दोनदा, कितीदा तरी. मग लँडमास्टर खोकली, पांढऱ्या धुराचा लोट सोडला आणि सगळं अंग हलवत सुरू झाली. गल्ली गोळा झाली. चंद्रभागाबाई आत जाऊन लुगडं बदलून आल्या, डोक्यावरून पदर घेतला आणि मागच्या सीटवर खिडकीशी बसल्या. महेशनं त्यांना स्टेशनापर्यंत नेऊन आणलं.

त्या उतरल्या. बॉनेटवर हात ठेवून थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "आता विकायची नाय."

"म्हणजे?" मोतीरामांना कळेना.

"चालत नव्हती म्हून विकत होते. आता चालती. चालती गाडी कोण विकतं का?"

"मावशी, शब्द दिला होता तुम्ही! ह्या पोरानं किती घाम गाळला..."

"त्याचं जे काय झालं आसंल ते देते मी. पर गाडी नाय." आणि त्या घाबरून महेशकडे बघायला लागल्या. चोरी सापडलेल्या लहान मुलीसारखं त्यांचं तोंड झालं होतं.

महेश चिंधीला हात पुसत होता. "ब्रेक अजून नीट लागत नाहीत," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी बघतो."

परतीच्या रेल्वेत मोतीराम धुमसत होते. इतक्या लग्नांत शब्द फिरवणारे त्यांनी पुष्कळ पाहिले होते, पण नवरी अशी स्वतःच्याच माहेरी नांदायला लागलेली पाहिली नव्हती. "मी तुला दुसरी बघून देतो," ते म्हणाले. "चाळीसगावला एक आहे. मालक शहाणा आहे."

"नको काका. मला ठेवायला जागा कुठे आहे? सोसायटीत स्कूटरच्या जागेवरून भांडणं होतात."

"अरे, मग घ्यायला कशाला निघाला होतास?"

महेश खिडकीबाहेर बघत राहिला. निफाड गेलं. "घ्यायची नाही म्हटलं असतं तर तुम्ही दाखवली असती का?"

या हिशेबानं इतकी वर्षं हा मुलगा लोकांकडे पोहे कशासाठी खात होता, असा एक विचार मोतीरामांच्या मनात आला. तो त्यांनी पुढे नेला नाही.

पण सिंधुबाईंना कळायचं ते कळलंच. गाडी नाही, सून नाही, आणि रविवार चालूच. त्यांनी रेशमी साडी नेसली, मोतीरामांना सोबत घेतलं आणि त्या म्हातारीचा सोक्षमोक्ष लावायला मनमाडला निघाल्या. रस्ताभर काय काय बोलायचं ते त्यांनी मोतीरामांना दोनदा म्हणून दाखवलं.

चंद्रभागाबाईंनी दारातच त्यांच्या हातावर गूळ ठेवला. "महेशची आई का? या. लय गुणाचं पोर हाय तुमचं. बोलतं किती!"

"कोण? महेश?" सिंधुबाईंचं पुढचं भाषण तिथंच राहिलं.

मग गाडीतून फिरून यायचं निघालं. दोघी मागे, महेश चालवायला, मोतीराम त्याच्या शेजारी. इतक्या गाड्या त्यांनी उजवल्या, पण आत बसायची ही पहिलीच वेळ. गाडी पुलाच्या चढावर आली, दोन आचके दिले आणि बंद पडली. मागे ट्रक आणि रिक्षांची रांग लागली, भोंगे सुरू झाले. "ढकलावी लागेल," महेश खाली उतरून म्हणाला. "काका, तुम्ही मागून जोर लावा. आई, तू पुढे ये आणि स्टिअरिंग सरळ धर."

"मी? मला काय येतंय त्यातलं?"

"फक्त सरळ धर."

पुलावरच्या लोकांनी पाहिलं ते असं: एक साठी ओलांडलेला गृहस्थ आणि एक चाळिशीतला माणूस काळी मोटार चढावर रेटताहेत, मागच्या सीटवर एक म्हातारी डोक्यावर पदर घेऊन राणीसारखी बसली आहे आणि रेशमी साडीतली एक बाई दोन्ही हातांनी चाक गच्च धरून "सरका, सरका!" ओरडते आहे. पुलाचा माथा आला, उतार लागला आणि गाडी हातातून सुटली. महेश धावत जाऊन दारातून आत शिरला आणि त्यानं ब्रेक दाबला. ब्रेक लागले. मोतीराम वर पुलावरच, कठड्याला धरून धापा टाकत राहिले. खालून कोणीतरी मोठ्यानं हसत होतं. त्या सिंधुबाई होत्या. केंद्रात नाव घातल्यापासून आजवर मोतीरामांनी त्यांना एकदाही हसताना ऐकलं नव्हतं.

परतताना रेल्वेत सिंधुबाई म्हातारीबद्दल अवाक्षर बोलल्या नाहीत. हाताला लागलेलं काळं ग्रीस त्या पुन्हा पुन्हा बघत होत्या.

"मग स्थळं बघायची ना पुढे?" मोतीरामांनी भीत भीत विचारलं.

"बघा की! पण रविवारी मनमाडला यावं लागेल, हे मुलीकडच्यांना आधीच सांगा. नंतर भांडण नको."

मोतीरामांनी इमानेइतबारे तसं सांगायला सुरुवात केली. पहिल्या घरच्यांनी फोनच ठेवून दिला. दुसऱ्या घरच्यांनी मुलाचं डोकं ठीक आहे ना, याची चौकशी केली. तिसरा फोन सिन्नरला, एका निवृत्त मास्तरांना. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"गाडी कुठली म्हणालात?"

"लँडमास्टर. काळी."

पलीकडे दार लोटून घेतल्याचा आवाज आला. मोतीरामांना वाटलं, आता हेही फोन ठेवणार.

"मुलीचं निवांत बोलू हो," मास्तर हलक्या आवाजात म्हणाले. "ह्या रविवारी मला घेऊन चला."