न उचललेला बेल

निजामाच्या राजवटीतली गोष्ट. राणीसावरगावला मी नवी सून होते. शेजारणीचा जावई मी एकदाच पाहिला, त्याचं नावसुद्धा मला ठाऊक न्हाई. घोंगड्या विणणारा उंच माणूस, बोलताना तळहात सारखे धोतराला पुसायचा. शिंदी लय प्यायचा. त्यापायी बायको लेकराला घेऊन माहेरी आली होती, आणि हा तिला न्यायला आला होता.

त्याच्या सासऱ्यानं त्याला महादेवाच्या देवळात नेलं. आमच्याकडं शपथ घ्यायची तर पिंडीवरचा बेल उचलायचा. चार जाणती माणसं बसली, आम्ही बायका ओट्यावर.

"जावईबापू, बेल उचला, शिंदी सोडली म्हणा आन् पोरीला घेऊन जा," सासरा म्हणाला.

त्यानं हात पुढं केला आणि मागं घेतला.

"मामा, बेल मी दर खेपेला उचलतो आन् घरी पोचायच्या आत पितो. सोडीन म्हणतो, पर माझ्याच्यानं सुटत न्हाई. आता खोटी शपथ नको."

"मग आलास कशाला? बायकोला शिंदीच्या दुकानात बसवतूस का?" एकजण खेकसला.

मला वाटलं, मोडला संसार. पण त्याची बायको उठली आणि कडेवरचं लेकरू तिनं त्याच्याकडं दिलं.

"ह्याला धरा. वाटंतल्या शिंदीच्या दुकानावरनं आपून संगट जाऊ."

"अगं, आन् शपथ?" सासरा ओरडला.

"आजवर शपथेवर इसवास ठिवून गेले, अण्णा. आज ह्यांच्या खऱ्या बोलण्यावर जाते."