फ्रीजचं बटण

आमच्या स्वयंपाकघरात फ्रीजच्या बटणावर चिकटपट्टी लावलेली आहे. खाकी, खोक्यांना लावतात तसली. ती मी लावली. आता ते बटण बंद करायचं म्हटलं तर आधी नखानं पट्टी खरवडावी लागेल, आणि घरात असले उद्योग करणारा माणूस एकच होता, तो म्हणजे मी.

मी भिगवणजवळच्या एका दूध शीतकरण केंद्रात कामाला आहे. गावोगावचं दूध कॅनमधून येतं. ते तपासायचं, मोठ्या टाकीत घालून चार अंशांवर आणायचं आणि टँकर येईस्तोवर तसंच थंड ठेवायचं. दर तासाला टाकीवरचा आकडा वहीत लिहायचा. आकडा पाचाच्या वर गेला की माझा जीव खालीवर होतो. उन्हातून दूध आणलेल्या म्हाताऱ्या माणसालाही मी कॅन परत न्यायला लावलेला आहे आणि वर त्याला थंडाव्याचं महत्त्व समजावून सांगितलेलं आहे. इतका मी शहाणा.

घरी आम्ही तिघं. मी, बायको आणि माझे वडील. वडिलांना सगळे तात्या म्हणतात, मीही. तात्या रेल्वेत होते. खांद्यावर हातोडा घेऊन रुळांना आवळून धरणाऱ्या लोखंडी चाव्या ठोकत कोसन्‌कोस चालायचं, अशी सगळी नोकरी त्यांनी पायांवर केली. रिटायर झाल्यावरही संध्याकाळी स्टेशनापर्यंत चालून आल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे. साखरेचा आजार जुना. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन, ते स्वतःच पोटाला टोचून घेत. बाटली फ्रीजच्या दारात अंड्यांशेजारी असायची.

एका वर्षी होळीच्या सुमाराला विजेचं बिल आलं आणि माझं डोकं फिरलं. कूलर अजून माळ्यावरून खाली उतरला नव्हता, आणि बिल मात्र ऐन उन्हाळ्यात यावं तेवढं. त्या दिवसापासून मी घराच्या मागं लागलो. गिझर बंद करून अंगणात जुना बंब पेटवला. इस्त्री आठवड्यातून एकदाच. टीव्ही नुसता रिमोटनं बंद केलेला मला चालेना, पिन काढायची. बायको मला मीटर म्हणायला लागली. मी घरात शिरलो की ती मोठ्यानं म्हणायची, "मीटर आलं, पंखं बंद करा." तात्या हसायचे. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

राहता राहिला फ्रीज. बाकीच्या वस्तू गरजेपुरत्या चालत. हा एकटाच रात्रंदिवस घुरघुरायचा. मी ठरवलं, सकाळी नऊला कामावर जाताना बटण बंद, संध्याकाळी सहाला आलो की चालू.

"आन् दूध नासलं मंजी?" बायकोनं विचारलं.

"दोनदा तापव. आन् दार उघडलंच न्हाय तर थंडावा जातोय कुठं?"

दिवसभराचा थंडावा भरून काढायला मी संध्याकाळी आतलं गोल बटण शेवटच्या आकड्यावर फिरवायचो. तात्यांच्या औषधाचीही काळजी मी घेतली, म्हणजे मला तेव्हा ती काळजी वाटली. दारातली बाटली उचलून मी वरच्या बर्फाच्या कप्प्याला टेकवून ठेवली, कारण घरात सगळ्यांत गार जागा तीच. पुढं नवी बाटली आणली की तीही तिथंच. जास्त गार केल्यानं काही बिघडलं असं आमच्या केंद्रात मी कधी ऐकलं नव्हतं. आमची भांडणं सगळी उन्हाशी. त्यामुळे ती बाटली दिवसा पत्र्याखालच्या स्वयंपाकघरात कोमट होत होती आणि संध्याकाळनंतर कडेकडेनं गोठत होती, आणि मी तिकडं केंद्रात वहीत चार, चार, चार असं लिहीत होतो.

पुढचं बिल कमी आलं. फार नाही, थोडंसं. मी ते बायकोला दोनदा वाचून दाखवलं.

एप्रिल संपता संपता तात्यांची साखर वाढली. थोडीथोडकी नाही. बारामतीला नेलं तेव्हा डॉक्टरांनी कागद बघून विचारलं, "गोड खाता का, बाबा?"

"न्हाय खात," तात्या म्हणाले.

"खात असणार," मी म्हणालो. "दिवसभर घरी एकटेच असतात. ही अंगणवाडीत, मी कामावर. गुळाचा डबा मांडणीवरच असतो."

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. डॉक्टरांनी डोस वाढवून दिला. घरी आल्याबरोबर मी गुळाचा डबा कपाटात घालून कुलूप लावलं. पुन्हा तपासलं, साखर तेवढीच. पुन्हा डोस वाढला. मग मी त्यांचे खिसे बघायला लागलो. स्टेशनवरून आले की तोंडाचा वास घ्यायचो, दारू प्यालेल्या माणसाचा घ्यावा तसा.

"गुळाचा खडा न्हाय रं टाकला तोंडात," ते एकदा म्हणाले. "तुज्या आयची शपत."

आई जाऊन खूप वर्षं झाली होती. मी म्हणालो, "मेलेल्या मानसाची शपत घ्याला काय जातंय?" हे वाक्य मी बोललो आहे. बायको भाकरी थापता थापता थांबली होती, तेही मला आठवतं.

आम्ही बौद्ध. आजोबांनी धम्म घेतला तेव्हापासून वैशाखी पौर्णिमेला वस्तीतल्या विहारात खीर होते, आणि ती ढवळायचं काम कित्येक वर्षं तात्यांचंच. पांढरा सदरा घालून, लांब दांड्याचं उलथणं दोन्ही हातांत धरून ते कढईपाशी दोन-दोन तास उभे राहत. त्या वर्षीही राहिले. वंदना झाली, पंगत बसली. वाढणाऱ्या बाईनं नेहमीच्या आदरानं पहिली वाटी तात्यांपुढं ठेवली. तात्या कधीच खात नसत. वाटी हातात घेऊन शेजारच्या लेकराला देत, एवढाच त्यांचा मान. पण त्या दिवशी त्यांनी वाटीला हात लावला आणि माझा पारा चढला.

"त्यांना दिऊ नका," मी सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणालो. "चोरून खात्यात. साखर बगा कुठं गेलीय."

पंगतीत कुणीतरी हसलं. बाईनं वाटी उचलली. तात्या मान खाली घालून बसून राहिले आणि थोड्या वेळानं उठून चपला घालून घरी निघून गेले. मला तेव्हा बरं वाटलं होतं. वाटलं, आता लाजेनं तरी सुधारतील.

पावसाळ्यात त्यांच्या उजव्या अंगठ्याला चपलेचा पट्टा घासून जखम झाली. एवढीशी. ती भरेना. मलम झालं, पट्ट्या झाल्या, अंगठा काळा पडला. बारामतीला दवाखान्यात ठेवलं. आधी अंगठा काढला, मग पंधरा दिवसांनी अर्धं पाऊल. ज्या माणसानं आयुष्यभर खडीवरून चालून पोट भरलं त्याचं अर्धं पाऊल एका दुपारी गेलं, आणि मी बाहेर बाकावर बसून मनात म्हणत होतो, खाऊ नका म्हटलं तर ऐकलं नाही.

ऑपरेशनच्या आधीच, दवाखान्यात ठेवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी एक गोष्ट झाली होती, तिचा अर्थ तेव्हा मी लावला नाही. घरच्याच डोसाचं इन्सुलिन तिथल्या बाटलीतून दिलं आणि तात्यांची साखर धाडकन खाली आली. घामानं ओलेचिंब, हात थरथरायला लागले. नर्सबाईंनी धावत येऊन त्यांना साखरेचं पाणी पाजलं. डोस निम्म्यावर आणला तरी साखर ताब्यात राहिली. मी म्हणालो, "बघा, इथं चोरायला काही नाही म्हणून."

पाऊल काढल्यावर पट्टी बदलताना एकदा नर्सबाईंनी विचारलं, "घरची बाटली कुठं ठेवता हो? आणून दाखवा बरं."

मी दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यात गुंडाळून नेली. ते औषध हलवलं की दुधासारखं एकसारखं पांढरं व्हायला हवं. बाईंनी ती दोन्ही तळव्यांत फिरवली आणि ट्यूबलाइटसमोर धरली. काचेला आतून बारीक कण्या चिकटल्या होत्या. बाईंनी मला काही सांगायची गरज नव्हती. फाटलेलं दूध ओळखायचा मला पगार मिळतो.

"गोठली होती ही," त्या म्हणाल्या. "यात औषध राहिलंच नाही. फ्रीज बंद-बिंद करता का?"

डॉक्टर नंतर म्हणाले की एकट्या त्यानंच असं झालं म्हणता येणार नाही, वय आहे, आजार जुना आहे. चांगला माणूस. पण मला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. सहा महिने माझा बाप पाणी टोचून घेत होता आणि मी त्याचं तोंड हुंगत होतो.

घरी आणल्यावर चार दिवस मी तोंड चुकवत फिरलो. पाचव्या दिवशी त्यांच्या खाटेशी बसलो आणि सगळं सांगितलं. बटण, बर्फाचा कप्पा, कण्या, सगळं. मला वाटलं ते शिव्या देतील. निदान हातातली काठी उगारतील. ते पत्र्याकडं बघत होते.

"मंजी मी खात न्हवतो?" त्यांनी विचारलं.

"न्हाय, तात्या."

"मला वाटाय लागलं व्हतं, खातच आसंन. आपल्याला आठवत नसंल. तू रोज म्हनायचास, डाक्टर म्हनायचं. मी दुपारचा उठून त्या कुलपाकडं बगायचो. म्हनलं, किल्ली कुठनं घेतुय मी?"

मी तिथून उठून मागच्या दारी गेलो. रडलो, हेही सांगून टाकतो.

फ्रीजचं म्हणाल तर आमच्या केंद्रात यंत्रं दुरुस्त करायला येणाऱ्या मिस्तरीला मी घरी नेलं. त्यानं दारात कागदाचा कपटा धरून दार लावलं आणि कपटा अलगद ओढून काढला. "रबर गेलंय," म्हणाला. "भिताडाला चिकटवलाय, शेगडीची धग लागतीय, आत बोटभर बर्फ. मग तो रातध्याड पळणारच की. बंद करून काय हुतंय? संध्याकाळी दुप्पट पळतुय." रबर बदललं, फ्रीज वीतभर पुढं ओढून शेगडीपासून लांब केला, बर्फ काढला, आतलं बटण मधल्या आकड्यावर आणलं. बिल मी बंद करत होतो तेव्हापेक्षाही कमी आलं. ते बिल मी कुणाला वाचून दाखवलं नाही.

या वर्षीच्या पौर्णिमेला तात्यांना रिक्षानं विहारात नेलं. कढईपाशी आता दुसरं कुणी उभं होतं. पंगतीत तात्या खुर्चीवर, मी खाली शेजारी. वाढणारी बाई तीच. ती वाट्या ठेवत आली आणि तात्यांपाशी आल्यावर, कुणी काही न सांगता, त्यांना वगळून पुढं गेली. बिचारीनं माझंच ऐकलं होतं.

मी उभा राहिलो. काय बोलायचं ते महिनाभर घोकलं होतं, त्यातलं काही आठवेना. "माझ्या बानं कधी चोरून खाल्लं न्हवतं," मी म्हणालो. "औषद मी नासवलं. फ्रीज बंद करून. पाय माझ्यामुळं गेला." एक म्हातारे म्हणाले, "आसू दे, बस खाली." बाईनं माघारी येऊन तात्यांच्या हातात वाटी दिली.

तात्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली. शेजारी लेकरू होतं, पण ते त्याच्याकडं वळले नाहीत. वाकून वाटी माझ्यापुढं धरली.

"तू खा," म्हणाले. "मला चालत न्हाय."

सगळी पंगत बघत होती. मी ती खीर शेवटच्या घासापर्यंत खाल्ली.