आमच्या साडभाऊंचा जपानी अवतार

या भूतलावर आपल्याइतका थोर नट दुसरा जन्मलाच नाही, याबद्दल आमच्या साडभाऊंच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. शंका होती ती त्यांना पाहणाऱ्यांच्या मनात. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. चंद्रपूरकडच्या एका कागद कारखान्याच्या भांडारात ते नटबोल्ट मोजून द्यायचे आणि हिवाळा लागला की रजा टाकून वडशाच्या एका नाटक कंपनीत खलनायक व्हायचे. आवाज फुटक्या भोंग्यासारखा, पाठांतर शून्य, पण ऐट अशी की रंगमंच यांच्यासाठीच रोवला असावा.

ऐंशी सालानंतरच्या एका वर्षी कारखान्यात नवं यंत्र बसवायला जपानी इंजिनिअर आला. जेवणाच्या सुट्टीत साडभाऊ त्याला रोज आपले संवाद ऐकवायचे. त्या बिचाऱ्याला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, म्हणून तो मुकाट जेवत राहिला आणि यांनी त्याला रसिक ठरवलं. जाताना त्यानं यांना लाकडी ठशांनी छापलेलं एक चित्र दिलं. काबुकी नावाच्या तिकडच्या नाटकातला नट: चुन्यासारखा चेहरा, डोळ्यांभोवती लाल रेघा, एक बुबुळ नाकाकडे वळलेलं आणि पंजा फाकलेला. निरोपापुरत्या आलेल्या दुभाष्यानं सांगितलं, की ऐन रंगात हा नट असा थिजतो आणि प्रेक्षक त्याच्या नावानं ओरडतात. हे त्यानं सांगायला नको होतं. साडभाऊंनी चित्र बैठकीत टांगलं, शेजारी आरसा लावला आणि मला विचारलं, "सांग, कोन कोनासारखा दिसते?" मी म्हटलं, "भाऊजी, दोघांनाही डोळ्यांचा डॉक्टर लागेल." पुढे आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. भांडारात कुणी बोल्ट मागितला, की आधी पंजा फाकायचा आणि मग बोल्ट मिळायचा.

त्या हंगामात वडशाच्या प्रयोगात नायकानं गोळी झाडली आणि साडभाऊंनी पडायचं, असा प्रसंग होता. साडभाऊ पडले नाहीत. डोळे तिरळे करून, पंजा पुढे काढून ते थिजले आणि आपल्या नावाच्या आरोळीची वाट पाहू लागले. नायकानं पुन्हा बार काढला. "पड ना भाऊ!" तो दात आवळून म्हणाला. तेवढ्यात पुढच्या रांगेतून एक म्हातारी ओरडली, "अवो, त्याले झटका आला! पानी आना कोनी!" पडदा पाडावा लागला. पुढच्या हंगामात कंपनीनं ती भूमिका दुसऱ्याला दिली. सगळ्या गोतावळ्यात सर्वांत जास्त हसलो तो मी.

नंतरच्या उन्हाळ्यात ताईंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, पाय मोडला. लाज वाटते म्हणून त्या माउलीनं नवऱ्याचं एकही नाटक पाहिलं नव्हतं. मी दुपारी मोसंबी घेऊन भेटायला गेलो, तर आतून नायकाचा, नायिकेचा, खलनायकाचा आवाज येत होता, सगळे भोंगेच. खिडकीतून पाहिलं. प्लॅस्टरचा पाय उशीवर ठेवून ताई पदरानं डोळे पुसत हसत होत्या आणि डोक्यावरून टॉवेल घेतलेले साडभाऊ धापा टाकत होते.

"मंग? पुढं काय होते?" ताईंनी विचारलं.

"थांब ना वं, पानी पिऊ दे. आता हिरोइन रडते."

मी मोसंबी ओसरीवर ठेवली आणि हाक न मारता सायकल काढली. घरी येईपर्यंत, आपण आपल्या बायकोला असं कधी हसवलं होतं, ते आठवत राहिलो. आठवलं नाही.