पहिला हात कुठे?

कल्पना करा, तुम्ही उडत्या विमानाच्या मधल्या वाटेत उभे आहात. हातात चहाची किटली. अचानक कानात खिळा ठोकल्यासारखं होतं, केबिनभर धुकं पसरतं आणि छतातून पिवळे मास्क लोंबू लागतात. केबिनमधला हवेचा दाब गेलाय. शेजारी एक पोरगं रडतंय. तुमच्याकडे फार तर अर्धं मिनिट आहे. काय कराल?

पोराकडे वळलात ना? माझ्या मावशीने तुम्हाला नापास केलं.

मावशी हवाई सेविकांना शिकवते, एका शेडमधल्या खोट्या केबिनमध्ये. तिथे इंजिन नाही, पंख नाहीत, नुसत्या खुर्च्या आणि त्यांवर बसवलेले बाहुले. मास्क पडले की हाताला येईल तो ओढायचा, आपल्या नाकातोंडावर दाबायचा आणि बसायचं. जागा नसेल तर प्रवाशाच्या मांडीवर. वैमानिक विमान श्वास घेता येईल इतकं खाली आणेपर्यंत कुणाच्या मदतीला उठायचं नाही. कारण प्राणवायू कमी पडला की माणूस घाबरत नाही, उलट खुशीत येतो आणि सगळं झकास चाललंय असं वाटता वाटता कोसळतो. मांडीवर बसायला पोरी लाजतात. मावशी म्हणते, लाज खाली उतरल्यावर.

तिच्याच हाताखाली शिकलेली एक पोरगी, सगळे तिला चिमणी म्हणतात, अलीकडे खरोखर या प्रसंगात सापडली. स्वतःचा मास्क न लावता ती पोरांना मास्क लावत सुटली आणि वाटेतच पडली. एका सुतारकाम करणाऱ्या प्रवाशाने तिला बखोटीला धरून शेजारच्या रिकाम्या सीटवर ओढलं, तिथला मास्क तिच्या तोंडावर दाबला, म्हणून वाचली. विमान सुखरूप उतरलं. कंपनीने काय करावं? चिमणीचा हा मोठा फोटो जिन्यात लावला. खाली ओळ: 'प्रवासी आधी'.

मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला. सुताराचं कुठे नावसुद्धा नाही.

पुन्हा उडण्याआधी चिमणीला मावशीची परीक्षा द्यायची होती. मास्क पडले. चिमणीचा हात बाहुल्याकडे गेला. पुन्हा पाडले. पुन्हा बाहुल्याकडेच. मावशीने नापास केलं. चिमणी रडत म्हणाली की कंपनीच्या साहेबांनी तर शाबासकी दिली होती.

साहेब स्वतः शेडमध्ये आले. जिच्या फोटोशेजारी पाहुणे उभे राहतात, तिला परत वर्गात बसवायचं, हे बरं दिसेल का, असं त्यांचं म्हणणं.

"ती पडली तेव्हा मागच्या रांगा कुणाच्या भरवशावर होत्या? उतरल्यावर सगळ्यांना बाहेर काढायला दार उघडायची वेळ आली असती तर सुतार उघडणार होता?"

"अहो मॅडम, शेवट गोड झाला ना."

"शेळी जाते जिवानिशी, आणि तुम्हाला ती गोड लागते."

साहेब हसले. दुसऱ्या शिक्षकाची सही घेऊन त्यांनी चिमणीला पास करवलं.

त्या दिवसापासून मावशीच्या घरात भांडी जरा जोरातच आपटतात. तिला राग येतो तो नियम मोडल्याचा नाही. कंपनीने कित्येक आठवडे पोरींना हसायला, वाकायला, 'आधी तुम्ही' म्हणायला शिकवायचं आणि मास्कला जेमतेम एक दुपार द्यायची. मग हात दुसरीकडे जाईल कसा?

काल चिमणीचा विमानातून फोन आला. रागावलात का मॅडम, उड्डाणाआधी आशीर्वाद द्या, म्हणाली. मावशीने आशीर्वाद दिला नाही, एक प्रश्न विचारला.  प्रवासी आत यायला लागले, नंतर सांगते, म्हणून चिमणीने फोन ठेवला.

मावशी अजून फोन हातात घेऊन बसलीय. मला विचारते, "इतकं अवघड विचारलं का गं मी? एवढंच तर म्हटलं: चिमणे, मास्क पडले. पहिला हात कुठे?"