लाल पेनाने तपासलेली वाक्यं

नसरीन गेल्याचा फोन आला तेव्हा मी मिरजगावला आईकडे शेंगा फोडत बसले होते. तिचा भाऊ एवढंच म्हणाला, "ताई, आपा गेली... ऑपरेशन झालं, पण शुद्धीवर आलीच न्हाई." मी विचारलं, "कसलं ऑपरेशन?" जिच्या शेजारी बसून मी रोज बसने गेले-आले, तिचं ऑपरेशन आहे हे मला माहीतसुद्धा नव्हतं. त्याची लाज अजून जात नाही.

आम्ही दोघी सुप्याच्या एका कारखान्यात जपानी दुभाषी. नगरहून कंपनीची बस सुटली की आमचा अभ्यास सुरू, तोही सगळ्यात वरच्या परीक्षेचा. दोनदा आपटलो होतो. मग नसरीननेच युक्ती काढली. दोघींत एकच वही, एक दिवस तिच्याकडे, एक दिवस माझ्याकडे. पुस्तकातल्या प्रत्येक वाक्यरचनेवर जपानीत एकेक वाक्य लिहायचं, पण ते खरं हवं, आपल्या घरातलं. दुसरीने लाल पेनाने फक्त चुका दाखवायच्या. "वाक्यावर चर्चा करायची न्हाई हां," तिने बजावलं, "न्हाईतर तू गप्पाच हाणत बसशील!" खोटं कशाला बोलू, माझ्या तोंडाला कुलूप नाहीच.

शेवटी आला हळहळीचा आणि कुरकुरीचा धडा. अगं बाई, मनाला लागलेली चुटपुट सांगायच्या किती त्या तऱ्हा! असं केलं असतं तर बरं झालं असतं, त्याची एक. एवढं करूनही शेवटी हेच का, अशा वैतागाची दुसरी. आणि समोरच्याने जरा मनावर घेतलं असतं तर, असा रुसवा अर्ध्यावर सोडून द्यायची तिसरी. नसरीनने लिहिलं, 'एवढी मेथी निवडली, तरी भावाने वडापावच आणला.' मी लिहिलं, 'खिडकीची जागा हिला द्यायला नको होती.' बसमध्ये आम्ही इतक्या हसलो की ड्रायव्हर मागे वळून बघायला लागला.

मग एक दिवस तिचं वाक्य आलं, 'दवाखान्यात कुणाला तरी सोबत नेलं असतं तर बरं झालं असतं.' त्यात एक शब्द चुकला होता. मी मेली हुशार! तेवढा शब्द खोडला, वर बरोबर लिहिला आणि वही परत दिली. तिने ती पिशवीत टाकली आणि खिडकीबाहेर बघत बसली. नियम तिचाच होता, हे खरं. पण मैत्रिणीने कधीतरी नियम मोडायचा असतो ना... मी गप्प बसायला नेमका तोच दिवस निवडला.

आता शेजारची जागा रिकामी असते. दुसरं कुणी बसायला आलं की मला राग येतो, आणि कुणीच आलं नाही की सुप्यापर्यंतचा रस्ता संपता संपत नाही.

तिचा चाळिसावा दिवस झाल्यावर मी वही घेऊन तिच्या घरी गेले. तिच्या अम्मी म्हणाल्या, "मला ती भाषा कुठली येती बेटा? तू मराठीत सांग." मी सांगत गेले. मेथीला त्या हसल्या, "व्हय, लई चिडली हुती त्या दिवशी." दवाखान्याचं वाक्य ऐकलं आणि वहीकडे बघूनच म्हणाल्या, "मला सांगायचं की गं, आले असते मी." मी इतक्या दिवसांत दिलं नाही ते उत्तर त्यांनी एका दमात दिलं.

पुढचं वाक्य तिने लिहिलेलं शेवटचं. मी त्यावर बोट ठेवलं. कसंबसं सांगितलं, "विचारलं असतंस, तर सांगितलं असतं की..."

"हे कुणाला म्हनती ती?"

"मला."

"मग तू काय म्हनालीस?"

मी वही त्यांच्यापुढे सरकवली. वाक्याखाली मी लाल पेनाने मराठीत शेरा दिला होता. अम्मींनी चष्मा लावला आणि एकेक अक्षर लावत तो शेरा मोठ्याने वाचला, "उत्तम. एकही चूक नाही."