ड्रमशीलाची भिंतीतली बाग

लीलावतीबाई अकोल्याहून आयर्लंडमधल्या एनिसला आल्या त्या जेमतेम दीड महिन्यासाठी. मुलगा शिरीष तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. मार्च २०२० मध्ये विमानं बंद पडली आणि बाई तिथेच अडकल्या. शिरीष सतत ड्यूटीवर. घरापासून दोन किलोमीटरच्या आत फिरायची तेवढी मुभा होती, म्हणून त्या रोज ड्रमशीला हाऊसच्या कडेकडेनं चालून यायच्या.

करड्या दगडाचं तीनमजली घर, उंच खिडक्यांच्या सरळ रांगा, दारावर पंख्याच्या आकाराची काच. डेलाहंट घराण्यानं पाच पिढ्यांपूर्वी बांधलेलं. आता त्यात ऐंशी ओलांडलेल्या मिसेस डेलाहंट एकट्याच राहत. वरचे मजले बंद. वावर स्वयंपाकघर आणि शेजारच्या खोलीपुरता. मागे उंच भिंतींनी वेढलेली एकरभर बाग.

एप्रिलात एकदा त्या बागेचं दार उघडं दिसलं. आत म्हातारी गुडघे टेकून तण उपटत होती. टाळेबंदीमुळे माळी येत नव्हता. लीलावतीबाई दारातच थांबल्या आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, मी करू का?

शिरीषला कळलं तेव्हा तो धास्तावला. आपण रोज कोविडच्या वॉर्डातून घरी येतो. आईमुळे त्या बाईंना काही झालं तर? तोडगा मिसेस डेलाहंटनीच काढला. बागेच्या मधोमध पायवाट होती. तिच्या अलीकडे त्या, पलीकडे लीलावतीबाई. आणि पलीकडची बाजू चांगली होती: तिथल्या भिंतीला आतून विटा होत्या, दिवसभराचं ऊन धरून ठेवणाऱ्या.

बाईंचा सगळा संसार दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, खिडकीतल्या चार कुंड्यांवर झालेला. इथे त्यांनी मेथी पेरली, कोथिंबीर पेरली. बागेतल्या काचघरात मिरच्या लावल्या. मेथी वर आली त्या दिवशी शिरीषला हॉस्पिटलात फोन करून सांगितलं.

वाटेच्या दोन बाजूंनी मोठ्यानं बोलत दोघींच्या गप्पा चालत. मिसेस डेलाहंट मूळच्या एनिसमधल्या एका दुकानदाराची मुलगी. लग्न होऊन त्या मोठ्या घरात आल्या, पण सासूबाईंनी बागेला हात लावू दिला नाही. शेवटी आजारी पडल्यावर सासूबाईंनी वकिलाला बोलावून बाग सुनेच्या नावे केली. लीलावतीबाईंना इंग्रजी अर्धंच समजलं; सासूची गोष्ट मात्र पूर्ण समजली.

सप्टेंबरपर्यंत विमानं सुरू झाली होती. शिरीष तिकीट काढायला बसला.

“आता कशी जाऊ रे?” बाई म्हणाल्या. “सफरचंदं उतरवाची हायेत अजून.”

सफरचंदं उतरली, मुरंबा झाला, मग लसणाच्या पाकळ्या लावायच्या होत्या. शिरीषनं विषय सोडून दिला. रात्री दमून आलेल्या आईला शांत झोप लागते, हे त्याला दिसत होतं.

हिवाळ्यात मिसेस डेलाहंटची कॅनडातली मुलं फोनवर मागे लागली: सगळंच विकून टाकू, एक हॉटेलवाला तयार आहे. मग एका सकाळी म्हातारी बागेत येऊन म्हणाली, “घर त्यांच्या बापाचं होतं, त्यांनी विकावं. बाग मला मिळवावी लागली. ती मी देणार नाही.”

आणि तसंच झालं. वसंतात घराचा व्यवहार झाला. भिंतीतली बाग मिसेस डेलाहंटनी वेगळी काढली आणि गावातल्या ज्यांना जमीन नाही त्यांना वाफे वाटून दिले. २०२१च्या जूनमध्ये दार उघडलं तेव्हा शाळेतल्या बाई आल्या, बसचा ड्रायव्हर आला, सुटीच्या दिवशी शिरीषही फावडं घेऊन आला. मिसेस डेलाहंट भिंतीला लागून असलेल्या माळ्यासाठी बांधलेल्या दोन खोल्यांत राहायला गेल्या. तोवर दोघींनी लस घेतली होती, त्यामुळे पडदे लावायला लीलावतीबाई आत गेल्या.

काम झाल्यावर मिसेस डेलाहंटनी चहा ठेवला. सगळं ग्रँड आहे, म्हणाल्या; तिकडे ‘ग्रँड’ म्हणजे छान, ठीक. दोघी पहिल्यांदाच एका टेबलाशी बसल्या, आणि आता ओरडून बोलायचं कारण नव्हतं तरी सवयीनं मोठ्यानंच बोलत राहिल्या.